सुई घेऊ का वेचणी सोडू?

पत्राचा सारांश

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावातून हे पत्र आलं आहे. ताईंचं वय ५१. घरची पाच एकर कोरडवाहू, त्यात पऱ्हाटी (कापूस) आणि तूर. हंगामात दुसऱ्याच्या वावरातही निंदणाला, वेचणीला जातात. दीड वर्षापासून उजव्या खुब्याच्या बाहेरच्या बाजूला, हात लावला की हाड लागतं नेमक्या त्या जागी, दुखतं. कळ मांडीच्या बाहेरून गुडघ्याच्या जरा वरपर्यंत उतरते. रात्री त्या कुशीवर वळलं की ‘जीव जाते’. तालुक्याच्या डॉक्टरांनी ‘खुब्याच्या गादीला सूज आहे’ म्हणून इंजेक्शन दिलं. महिना-दीड महिना आराम पडला, मग पुन्हा तेच. आता दुसरं घ्या म्हणतात. कमरेचा एक्स-रे पाहून कुणीतरी ‘मणक्यात गॅप’ सांगितली. घरधनी म्हणतात, यंदा वेचणी सोड. पुण्यात कामाला असलेला मुलगा म्हणतो, सांधा बदलून टाकू. गावातल्या एकाने पुड्या दिल्या आहेत, त्या घेतल्या की दोन दिवस बरं वाटतं. ताई विचारतात, “मले एवढंच सांगा, सुई घेऊ का वेचणी सोडू?”

उत्तर

ताई, नमस्कार.

पत्राच्या शेवटी तुम्ही सहज एक गोष्ट लिहून गेलात. पोळ्याला बैलाच्या पायावर पाणी घालायला वाकलात तेव्हा काही झालं नाही, पण ओवाळायला उभ्या राहिलात आणि उजव्या पायावर भार टाकवेना. जोडवी घालायला, पायाची नखं कापायला अडचण येत नाही, हेही तुम्ही लिहिलंय. दोन्ही मिळून मला तुमच्या एक्स-रेपेक्षा जास्त सांगून गेलं.

खुब्याचा सांधा झिजलेला असला की माणसाला पायाच्या बोटांपर्यंत पोचणं जड जातं. नखं कापताना मांडी पोटाकडे येत नाही, आणि दुखणं बहुतेक वेळा जांघेत असतं. तुमचं दुखणं जांघेत नाही, बाहेर आहे. वाकता येतं, एका पायावर उभं राहता येत नाही. पत्र वाचून कुणी पक्कं निदान करू नये आणि मीही करत नाही. पण चाळिशी-पन्नाशीच्या बायकांमध्ये फार वेळा दिसणाऱ्या एका दुखण्याशी हे वर्णन जुळतं, आणि त्या दुखण्यात सांधा बदलण्याचा प्रश्नच येत नाही. मुलाला एवढं आजच फोन करून सांगा. त्याची काळजी खरी आहे, पण बदलायचा म्हणतो तो सांधा बहुधा ठीक आहे.

मग दुखतंय काय?

मांडीच्या हाडाला वरच्या टोकाशी बाहेरच्या अंगाला एक उंचवटा असतो. तुम्ही बोट ठेवता तोच. कुल्ह्याच्या बाजूचे दोन स्नायू, ग्लुटियस मीडियस आणि ग्लुटियस मिनिमस, तिथे येऊन कंडरांनी, म्हणजे स्नायूच्या टोकाच्या चिवट दोऱ्यांनी, हाडाला चिकटतात. चालताना डावा पाय उचलला की कंबर डावीकडे लटकू नये म्हणून उजवीकडचे हे स्नायू ती धरून ठेवतात. म्हणजे प्रत्येक पावलाला त्यांचं काम. या कंडरांच्या वरून मांडीच्या बाहेरचा जाड पट्टा गुडघ्यापर्यंत जातो. पट्टा, कंडरा आणि हाड एकमेकांवर घासू नयेत म्हणून मध्ये पातळ ओलसर पिशव्या असतात, त्यांना बर्सा म्हणतात. तुमच्या डॉक्टरांनी ‘गादी’ म्हटलं ती हीच.

कितीतरी वर्षं वैद्यकातही असंच मानलं जायचं की खुब्याच्या बाहेर दुखतंय म्हणजे बर्साला सूज. पुढे सोनोग्राफी आणि एमआरआय करून बघायला लागल्यावर चित्र बदललं. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत असं दुखणं असलेल्या ८७७ जणांच्या सोनोग्राफी तपासल्या होत्या. बर्साची सूज सापडली साधारण २० टक्के लोकांत. कंडरा खराब झालेली दिसली निम्म्या लोकांत, आणि वरचा पट्टा जाड झालेला चारातल्या एकाहून जास्त जणांत. बर्सा सुजलेला असतो तेव्हाही पुष्कळदा तो एकटा नसतो, शेजारची कंडरा बिघडलेली असते. तुमच्या डॉक्टरांनी खोटं सांगितलं असं मी म्हणत नाही. पण ‘गादीला सूज’ एवढं ऐकून घरी आलेला माणूस सूज उतरायची वाट बघत बसतो, आणि दीड वर्ष सूज उतरत नाही तेव्हा रोग मोठा आहे असं समजतो.

कंडरेत होतं ते असं. चांगल्या कंडरेत तंतू एका दिशेने, घट्ट, ओळीत असतात. बिघडलेल्या कंडरेत ते विस्कटतात, मधे पाणीदार गर वाढतो, बारीक रक्तवाहिन्या शिरतात. कंडरा जाड दिसते, पण भार पेलायला कमजोर होते, आणि काहींत थोडी फाटतेही. जखम झाल्यावर लाल, गरम सूज येते तसली ही गोष्ट नाही, म्हणून सुजेवरच्या गोळ्यांनी ती पुरती जात नाही. विहिरीच्या काठावरून रोज ओढल्या जाणाऱ्या दोराचे पीळ जसे हळूहळू उसवतात तसं हे आहे. फरक एवढाच की दोर एकदा उसवला की गेला, कंडरा जिवंत असल्यामुळे पुन्हा धड होऊ शकते. फक्त ती सावकाश, महिन्यांच्या हिशेबाने सुधारते.

ती बिघडते दोन गोष्टींनी: दाब आणि झेपत नाही असा भार. गुडघा शरीराच्या मध्यरेषेकडे किंवा तिच्या पलीकडे गेला की बाहेरचा पट्टा ताणला जातो आणि खालची कंडरा हाडावर चेपली जाते. थोडासा पाय आत गेला तरी दाब कितीतरी पटींनी वाढतो. आता दिवसभरात हे कधी कधी होतं ते बघा. नळावर रांगेत एका कुल्ह्यावर कलून उभं राहताना. पाण्याचा गुंड, म्हणजे घागर, कडेवर घेताना. दोन्ही पाय एका बाजूला दुमडून बसताना. आणि झोपेत, जे कुणाच्या ध्यानातच येत नाही. उजव्या कुशीवर दुखतं म्हणून तुम्ही डाव्या कुशीवर वळता. मग वरचा उजवा पाय पुढे घसरून सतरंजीला टेकतो आणि तीच कंडरा रात्रभर चेपत राहते. ‘चांगल्या कुशीवर झोपूनही दुखतंच’ असं तुम्ही लिहिलंय, त्याचं कारण बहुधा हे.

आता तुमच्या प्रश्नाकडे येते. सुई किंवा घरी बसणं, याशिवाय तिसरं काही नाही असं तुम्ही धरून चाललात. मला दोन्हींबद्दल शंका आहे.

वेचणी सोडली तर चेपणं काही प्रमाणात कमी होईल, पण भार घेणंही थांबेल. न वापरलेला स्नायू बारीक होतो आणि कंडरेची ताकद आणखी उतरते. पुढच्या वर्षी वावरात पाय टाकलात की दुखणं आधीपेक्षा लवकर उठेल. शिवाय वेचणीचे पैसे कुणाच्या हातात येतात आणि ते न आल्यावर घरात काय होतं, हे मी तुम्हाला सांगायला नको. घरधन्यांचं मन चांगलं आहे, सल्ला अर्धाच बरोबर आहे. आणि एक विचारते, ताई: वेचणी सोडली तर पाणी भरणं, जनावरांचं, चुलीपुढचं काम सोडायला मिळणार आहे का? कारण कलून उभं राहणं आणि गुंड कडेवर घेणं तिथेच जास्त आहे.

इंजेक्शनचं म्हणाल तर ते वाईट नाही, अपुरं आहे. २०१८ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये ऑस्ट्रेलियातला एक अभ्यास छापून आला. सोनोग्राफीने दिशा धरून दिलेलं स्टिरॉइडचं एक इंजेक्शन, कंडरेची काळजी समजावून आठ आठवडे करून घेतलेला व्यायाम, आणि नुसती वाट बघणं, अशी २०४ जणांची तीन गटांत वाटणी केली होती. आठ आठवड्यांनी बरं वाटतंय म्हणणारे व्यायामाच्या गटात ७७ टक्के, इंजेक्शनच्या गटात ५८ टक्के, वाट बघणाऱ्यांत २९ टक्के. वर्षाने व्यायामवाले ७८-७९ टक्क्यांवर टिकून होते, इंजेक्शनवाले ५८ वर, आणि वाट बघणाऱ्यांपैकीही निम्मे बरे झाले होते. वर्षअखेरीस दुखण्याची तीव्रता मात्र इंजेक्शन आणि व्यायाम दोन्हींत सारखीच कमी झाली होती, हेही सांगायला हवं. ती माणसं निंदणाला जाणारी नव्हती, त्यामुळे आकडे जसेच्या तसे इथे लागू होतील असं मी म्हणत नाही. पण दिशा स्पष्ट आहे.

म्हणून माझं मत असं. रात्रीची झोपच मिळत नसेल आणि त्यामुळे व्यायाम सुरूच करता येत नसेल, तर एक सुई घेऊन मिळालेल्या मोकळ्या आठवड्यांत व्यायाम सुरू करणं शहाणपणाचं. सुई घेऊन, बरं वाटलं म्हणून गाठोडं उचलायला जाणं आणि तीन महिन्यांनी पुन्हा सुई, हे नको. साखरेचा त्रास असेल तर इंजेक्शननंतर काही दिवस साखर चढते, ते आधी डॉक्टरांना सांगा.

आता करायचं काय, ते बैजवार सांगते.

झोपेपासून सुरुवात करा, तिथे फरक लवकर दिसतो. डाव्या कुशीवर झोपा आणि दोन्ही गुडघ्यांच्या मध्ये घडी केलेली गोधडी ठेवा, मांडीपासून घोट्यापर्यंत पुरेल एवढी लांब. छोटी उशी गुडघ्याला पुरते, पण पाऊल खाली लोंबतं. वरचा पाय खालच्या पायाच्या उंचीवर, सरळ राहिला पाहिजे. पाठीवर झोपत असाल तर गुडघ्याखाली काहीतरी घ्या. नुसत्या चटईवर झोपू नका, खाली एखादी जास्तीची वाकळ टाका.

उभं राहताना दोन्ही पायांवर सारखा भार, दोन पावलांत कमरेच्या रुंदीएवढं अंतर. पाण्याचा गुंड कडेवर नको, डोक्यावर चालेल. बादली एकाच हातात न्यायची तर उजव्या हातात न्या, म्हणजे दुखऱ्या बाजूच्याच. जवळजवळ सगळ्या बाया उलट करतात, दुखऱ्या बाजूला वाचवायला म्हणून ओझं डाव्या हातात घेतात, आणि मग कंबर सावरायला उजवीकडच्या त्याच स्नायूंना जास्त ओढावं लागतं. दोन अर्ध्या बादल्या दोन हातात घेतल्या तर सर्वांत बरं. काठी वापरायची वेळ आली तर मात्र ती डाव्या हातात.

बसताना पाय एका बाजूला दुमडू नका, पायावर पाय टाकू नका. मांडी घालून दुखत नसेल तर बसा, फार वेळ नको. उकिडवं बसावं लागलं तर गुडघे एकमेकांपासून दूर ठेवा. भाकरी थापायला खाली बसण्याऐवजी ओट्याची सोय असेल तर उत्तम, नसेल तर पाट घ्या.

वेचणीचं जरा सविस्तर लिहिते, कारण त्याबद्दल दवाखान्यात कुणी बोलत नाही. वेचणारी बाई झाडाच्या आतल्या बोंडापर्यंत पोचायला एका पायावर कलते, दुसरा पाय तिरपा मागे जातो, आणि कमरेची ओटी भरत जाते तशी घसरून एका कुल्ह्यावर लटकते. ओटी एका बाजूला लटकली की कंबर सावरायला एकाच बाजूच्या कंडरेवर दिवसभर ताण पडतो. ओटी मधोमध, पोटावर बांधा आणि भरायच्या आधीच, निम्मी झाली की रिकामी करा. खेपा वाढतील, मजुरी किलोवर असेल तर वेळही जाईल, हे मला कळतं. सपाटीवर चालायचा त्या कंडरेला त्रास नसतो, उलट बरं असतं. बोंडाला हात लांबवण्यापेक्षा एक पाऊल पुढे टाका आणि दोन्ही पाय टेकून वेचा. ओळीतून जाताना एका बाजूने वेचलंत तर परत येताना दुसऱ्या बाजूने वेचत या, म्हणजे कलणं एकाच पायावर पडत नाही. कापसाचं गाठोडं डोक्यावर घेऊन धुऱ्याच्या (बांधाच्या) उतारावरून चालणं यंदा दुसऱ्या कुणाला तरी करू द्या. घरधन्यांना मदतच करायची आहे ना, तर वेचणी बंद करण्यापेक्षा गाठोडं आणि पाणी त्यांनी घ्यावं.

व्यायामाला रोज वीसेक मिनिटं पुरतात. पाठीवर झोपून गुडघे वाकवा, गुडघ्यांच्या जरा वर मांड्यांभोवती जुन्या लुगड्याची पट्टी बांधा आणि मांड्या बाहेरच्या बाजूला हलकेच दाबा. पट्टी ताणली जायला नको, नुसता जोर लावायचा. दहा अंक मोजेपर्यंत धरा, सोडा. पाच-दहा वेळा, सकाळ-संध्याकाळ. याने काही जणींना लगेच हलकंही वाटतं. मग त्याच स्थितीत कंबर जमिनीवरून उचलायची आणि सावकाश खाली आणायची. आठवड्या-दोन आठवड्यांनी बाजेवरून किंवा खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं, दोन्ही पायांवर सारखा भार, गुडघे आत न वळवता. नंतर भिंतीला हात लावून बाजूबाजूने पावलं टाकणं. एका पायावरची कामं शेवटी. व्यायाम करताना थोडं दुखलं तर घाबरू नका. शून्य ते दहामध्ये चार-पाचपर्यंत चालेल, पण त्या रात्री किंवा दुसऱ्या सकाळी दुखणं वाढलेलं नको. वाढलं तर दुसऱ्या दिवशी निम्मं करा, बंद करू नका.

पाय दुसऱ्या पायावरून ओलांडून ताणायचा व्यायाम कुणीतरी हमखास दाखवेल, मोबाइलवर तर तोच पहिला येतो. तो तुमच्यासाठी नाही, त्याने कंडरा चेपतेच. दुखऱ्या हाडावर जोरात चोळणं, बिब्बा लावणं, डाग देणं, यातलंही काही नको. बिब्ब्याने कातडी भाजते आणि तिथे नवं दुखणं उभं राहतं. गरम पाण्याचा शेक आवडत असेल तर घ्या.

व्यायाम एकदा तरी फिजिओथेरपिस्टकडून तपासून घ्या. नागपूरच्या शासकीय मेडिकल कॉलेजात, वर्ध्याजवळ सेवाग्राम आणि सावंगीच्या रुग्णालयांत हा विभाग आहे, आणि यवतमाळला शासकीय रुग्णालयात विचारा. पुन्हापुन्हा जाणं जमत नसेल तर एकदा जाऊन पुढच्या पायऱ्या लिहून घ्या.

पुड्यांबद्दल कडक बोलते. दोन दिवसांत चमत्कार करणाऱ्या, नाव-लेबल नसलेल्या पुडीत बऱ्याचदा स्टिरॉइड किंवा तीव्र वेदनाशामक मिसळलेलं असतं. स्टिरॉइड महिनोन्‌महिने पोटात गेलं तर हाडं ठिसूळ होतात, आणि खुब्याच्या सांध्यातल्या हाडाच्या गोळ्याचा रक्तपुरवठा बंद पडून तो कोसळू शकतो. म्हणजे आज चांगला असलेला सांधा खरोखरच बदलायची पाळी येईल. दुकानातून आणलेल्या वेदनाशामक गोळ्या रोज घेऊन आपल्याकडच्या उन्हात पाणी न पिता राबणं मूत्रपिंडाला झेपत नाही. पुड्या बरेच दिवस घेत असाल तर एकदम बंद करू नका. उरलेल्या पुड्या डॉक्टरांना दाखवा आणि त्यांच्या सांगण्याप्रमाणे सोडा.

‘मणक्यातल्या गॅप’ने मला फार अस्वस्थ केलं नाही. पन्नाशीतल्या कितीतरी लोकांच्या एक्स-रेत असं काहीतरी दिसतं आणि त्यांना काही होत नसतं. मणक्याची नस दबली असेल तर कळ सहसा गुडघ्याच्या खाली जाते, पावलात मुंग्या किंवा बधिरपणा येतो. तुमचं दुखणं गुडघ्याच्या वर थांबतं. घरी एक करून बघा: भिंतीला बोट टेकवून उजव्या पायावर तीस सेकंद उभ्या राहा. दुखणं नेमकं त्या बाहेरच्या हाडावर उठलं तर माझा अंदाज बळकट होतो.

हे वाचणाऱ्या इतर ताईंसाठी आणि दादांसाठी (पुरुषांनाही होतं, कमी प्रमाणात): दुखणं जांघेत असेल आणि पाय आत-बाहेर फिरत नसेल, पडल्यानंतर सुरू झालं असेल, ताप, वजन उतरणं, संध्याकाळची कणकण असेल, किंवा बसून-झोपूनही सारखं ठणकत असेल, तर वरचं काहीही करत न बसता डॉक्टरांकडे जा आणि खुब्याचा एक्स-रे काढा. घरात सिकलसेल (रक्ताचा आनुवंशिक आजार) असेल तर विशेष लक्ष द्या. विदर्भात ती बऱ्याच घरांत आहे, आणि सिकलसेलच्या तरुण मुलामुलींत खुब्याचा गोळा रक्ताविना खराब होतो. पंचवीस वर्षांच्या मुलाच्या जांघेतल्या दुखण्याला ‘वात’ म्हणून सोडून देऊ नका.

ताई, पोळा नुकताच झाला. पोळा श्रावण अमावास्येचा, लक्ष्मीपूजन आश्विन अमावास्येचं, मध्ये आठ आठवडे. त्या अभ्यासातल्या माणसांनाही व्यायामाला तेवढेच मिळाले होते, आणि मोठी वेचणी दिवाळीच्या पुढेच असते. पहिल्या वेचणीला अर्धा दिवस जा, रात्र कशी गेली ते बघून दुसऱ्या दिवशीचं ठरवा. दिवाळीनंतरही एका पायावर उभं राहवत नसेल, किंवा चालताना कंबर एका बाजूला झुकायला लागली असेल, तर खुब्याच्या बाहेरच्या कंडरांची सोनोग्राफी मागून घ्या. कमरेचा दुसरा एक्स-रे नको. कंडरा बरीच फाटलेली निघाली तर शस्त्रक्रियेने ती पुन्हा हाडाला शिवता येते. त्या वेळी कागद घेऊन अस्थिरोगतज्ज्ञांकडे जा, आणि मुलालाही पुण्याहून तेव्हाच बोलवा.